तिकीट टू राइड स्वतःच्या कॉम्प्युटरवर: नवख्यांनी कुठून सुरुवात करायची

तिकीट टू राइड हा रेल्वेचा बोर्ड गेम बऱ्याच जणांनी खेळलेला असतो, आणि ज्याला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं त्याच्या डोक्यात तिसऱ्या-चौथ्या डावानंतर हमखास येतं की अरे हे तर सोपंय, मी स्वतः बनवू शकतो. बनवता येतं. पण सोपं वाटतं तितकं नाही, कारण टेबलावर बसलेली माणसं बऱ्याच गोष्टी आपापसात चालवून घेतात आणि कॉम्प्युटर काहीही चालवून घेत नाही. मी हा उद्योग दोनदा केलाय, पहिल्यांदा सगळं चुकीच्या क्रमाने केलं आणि दोन महिन्यांनी सोडून दिलं, दुसऱ्यांदा जमलं. तो दुसरा क्रम खाली देतोय. भाषा कुठलीही चालेल, मी पायथनमध्ये केलं, कोणाला जावास्क्रिप्ट येत असेल तर त्यात करा, लॉजिक तेच आहे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी पटकन. ॲलन आर. मून यांचा गेम, डेज ऑफ वंडर कंपनीने 2004 मध्ये काढला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतला श्पील देस यारेस पुरस्कार मिळाला. अमेरिकेचा नकाशा, त्यावर 36 शहरं (काही कॅनडातली), शहरांमध्ये रंगीत रूट. रंगीत डब्यांचे पत्ते जमवायचे, ते देऊन रूट घ्यायचा आणि त्यावर आपले प्लास्टिकचे डबे मांडायचे, प्रत्येकाकडे 45. शिवाय हातात गुप्त तिकिटं, म्हणजे समजा डेन्व्हर ते एल पासो जोडा, 4 पॉइंट मिळतील, नाही जोडलं तर तेवढेच वजा. दोन ते पाच भिडू.

कोड लिहायच्या आधी

नियमांचं पुस्तक काढा आणि पेन घेऊन वाचा. खेळलोय ना, माहितीये सगळं, असं म्हणू नका. प्रत्येक घरात हा गेम थोडा वेगळा खेळला जातो आणि आपल्याला आपल्या घरचे नियम म्हणजेच खरे नियम वाटत असतात. आमच्याकडे कितीतरी दिवस तीन जणांत खेळताना दुहेरी रूटच्या (म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये शेजारी शेजारी दोन रूट) दोन्ही बाजू वापरायचो. खरा नियम असा की दोन किंवा तीन भिडू असतील तर दुहेरीतला एक गेला की दुसरा बंद, आणि चार-पाच जण असले तरी एकाच माणसाला दोन्ही घेता येत नाहीत.

दुसरं, हक्कांचं. खेळ कसा खेळायचा याची पद्धत आणि नियम यावर मालकी सांगणं कठीण असतं, आपल्याकडच्या पेटंट कायद्यात तर कलम 3 मध्ये खेळ खेळायची पद्धत हा शोध धरला जात नाही असं सरळ लिहिलंय. पण नाव, चित्रं, बोर्डाचं डिझाइन, नियमपुस्तकातला मजकूर या सगळ्यावर हक्क असतात. तेव्हा घरच्या घरी शिकायला म्हणून बनवताय तोवर ठीक, पण बोर्ड स्कॅन करून त्याच नावाने प्ले स्टोअरवर टाकायचं डोक्यातून काढून टाका. गेमचं अधिकृत डिजिटल व्हर्जन बाजारात आहेच, नुसतं खेळायचं असेल तर सरळ ते घ्या.

म्हणून माझा सल्ला, नकाशा स्वतःचा करा. त्याचा अजून एक फायदा पुढे येईलच. (तयार भारताचा नकाशासुद्धा आहे बरं का, 2011 मध्ये स्वित्झर्लंडबरोबर एकाच पेटीत आला, 1911 सालची रेल्वे दाखवलीय. पण तो पण त्यांचाच.)

नकाशा: चित्र नको, यादी हवी

पहिल्या वेळी मी सुरुवात चित्रापासून केली. मस्त नकाशा काढला, शहरांवर क्लिक केलं की चमकतात, दोन आठवडे त्यात गेले आणि गेम शून्य. ही चूक करू नका. कॉम्प्युटरच्या दृष्टीने नकाशा म्हणजे फक्त रूटची यादी, आणि प्रत्येक रूटला पाच गोष्टी: स्वतःचा नंबर, एक टोक, दुसरं टोक, लांबी (म्हणजे किती डबे लागतात), रंग. एवढंच.

नंबर का, तर दुहेरी रूटमुळे. डेन्व्हर ते कॅन्सस सिटी दोन रूट आहेत, दोन्ही 4 लांबीचे, एक काळा एक केशरी. तुम्ही रूटची ओळख शहरांच्या जोडीने ठेवलीत तर दुसरा रूट पहिल्याच्या डोक्यावर बसतो आणि गुपचूप गायब होतो, एरर पण येत नाही. आणि लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को शोधताना उलट क्रमाने शोधलं तरी सापडलं पाहिजे, म्हणजे नावं साठवतानाच ठरावीक क्रमात लावून ठेवा.

माझा सरावाचा नकाशा दहा शहरांचा आहे, तुम्ही तोच घ्या हवं तर. मुंबई-पुणे 2 (हा दुहेरी ठेवला), पुणे-दौंड 1, दौंड-सोलापूर 3, दौंड-मनमाड 3, मुंबई-मनमाड 3, मनमाड-भुसावळ 2, भुसावळ-नागपूर 5, पुणे-मिरज 3, मिरज-कोल्हापूर 1, सोलापूर-मिरज 3, मुंबई-रत्नागिरी 4, आणि रत्नागिरी-कोल्हापूर 3. शेवटची लाइन प्रत्यक्षात नाहीये माहितीये मला, पण खेळात तरी होऊ दे की! लांबी किलोमीटरप्रमाणे नाही, अंदाजाने दिलीय. एवढ्या छोट्या नकाशावर दोघांना 20-20 डबे पुरतात आणि काही चुकलं तर कागदावर हाताने मोजून बघता येतं, 36 शहरांवर ते शक्य नाही.

यादी टाइप करताना चुका होतातच, त्या पकडायला एक चांगली युक्ती आहे. दोन शहरांमधला सगळ्यात कमी डब्यांचा रस्ता शोधणारं फंक्शन लिहा (या पद्धतीचं नाव डायक्स्ट्रा, कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये सापडेल) आणि ते तिकिटांच्या पॉइंटशी ताडून बघा. मूळ गेममध्ये छोट्या तिकिटांचे पॉइंट या आकड्याशी जुळतात, डेन्व्हर-एल पासो सांता फे वरून 2 अधिक 2 म्हणजे 4, कॅन्सस सिटी-ह्युस्टन 2 अधिक 2 अधिक 1 म्हणजे 5, बॉस्टन-मायामी 12. लांबच्या तिकिटांना मात्र थोडे जास्त दिलेत, सिएटल-न्यूयॉर्क तिकीट 22 चं आहे पण हेलेना, डुलुथ, शिकागो, पिट्सबर्गवरून गेलं तर 20 डब्यांत पोचता. म्हणजे तुमच्या यादीतला रस्ता तिकिटापेक्षा लांब निघाला तर बहुतेक टायपिंगची चूक आहे. माझ्या नकाशावर मुंबई-नागपूर 10 आणि कोल्हापूर-नागपूर 15 यायला पाहिजे, तुमच्याकडे दुसरं काही आलं तर यादी परत बघा.

पत्ते

एकूण 110 पत्ते: आठ रंग, प्रत्येकी 12, म्हणजे 96, आणि 14 इंजिनं. इंजिन म्हणजे जोकर, कुठल्याही रंगाच्या जागी चालतं. सुरुवातीला प्रत्येकाला 4 पत्ते, 5 पत्ते टेबलावर उघडे, बाकीचा कॅट पालथा. तिकिटं 30, प्रत्येकाला 3 द्यायची, त्यातली निदान 2 ठेवायची.

इथे पहिल्या दिवसापासून एक तपासणी घाला. कॅटमधले, उघडे, टाकलेले आणि सगळ्यांच्या हातातले पत्ते मिळून प्रत्येक खेळीनंतर 110 च भरले पाहिजेत. 109 किंवा 111 झाले की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवायचा. ही एक ओळ आहे, पण माझे निम्मे बग हिनेच पकडले, कारण पत्ता हातातून काढला पण टाकलेल्या ढिगात घातलाच नाही ही चूक नुसत्या डोळ्याने वीस खेळ्या दिसत नाही, मग अचानक कॅट संपतो आणि कळत नाही पत्ते गेले कुठे.

आणि पत्ते पिसताना सीड, म्हणजे पिसणं ज्यावरून ठरतं तो सुरुवातीचा आकडा, ठरवून द्या, म्हणजे त्याच सीडवर पत्ते त्याच क्रमाने येतील. सीड आणि झालेल्या खेळ्यांची यादी, एवढं फाइलमध्ये ठेवलं की कुठलाही डाव जसाच्या तसा परत चालवता येतो. भाऊ फोन करून म्हणाला की मगाशी काहीतरी विचित्र झालं, तर ती फाइल मागवायची, बास.

एक टर्न, पण आत अर्धी टर्न लपलेली

टर्नमध्ये तीनपैकी एक करायचं: पत्ते उचला, रूट घ्या, नाहीतर नवी तिकिटं काढा. नवखा माणूस तीन फंक्शन लिहितो आणि खूश होतो. गोम पत्ते उचलण्यात आहे. दोन पत्ते उचलायचे असतात पण एकदम नाही, पहिला बघून मग दुसरा ठरवायचा. पहिला उघड्यातून घेतला की त्या जागी लगेच नवा पत्ता लागतो आणि तो दुसऱ्या वेळी घेता येतो, पण उघडं इंजिन दुसऱ्या वेळी घेता येत नाही. उघडं इंजिन पहिल्यांदाच घेतलं तर टर्न तिथेच संपली, दुसरा पत्ता नाही. पालथ्या कॅटमधून नशिबाने इंजिन आलं तर मात्र ते एकच पत्ता धरायचं, दुसरा उचलता येतो.

म्हणून गेमची स्थिती ठेवताना फक्त कोणाची टर्न एवढं पुरत नाही, आत्ता टर्नच्या कुठल्या टप्प्यावर आहोत हेही ठेवावं लागतं: टर्न सुरू, एक पत्ता घेतलाय, तिकिटं निवडतोय. तिकिटांचंही तसंच, 3 समोर येतात, निदान 1 ठेवायचं, उरलेली तिकिटांच्या गठ्ठ्याच्या तळाशी, आणि ते निवडेपर्यंत दुसरं काही करता येत नाही.

मग एकच फंक्शन लिहायचं: आत्ताच्या स्थितीत कुठल्या खेळ्या चालतील त्याची पूर्ण यादी दे. हे फंक्शन म्हणजे सगळ्या गेमचा कणा आहे. स्क्रीनवर कुठली बटणं चालू ठेवायची ते यातूनच कळतं, बॉटला (म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या भिडूला) काय काय करता येईल तेही यातूनच, आणि कोणी रडीचा डाव खेळत असेल तर त्याची खेळी या यादीत नसते म्हणून आपोआप नाकारली जाते.

रूटचे पैसे चुकते करणं

सिएटल-हेलेना, पिवळा, 6 डबे, 15 पॉइंट. तुमच्या हातात 4 पिवळे आणि 3 इंजिनं. घेता येईल? येईल. पण कसा? 4 पिवळे 2 इंजिनं, किंवा 3 पिवळे 3 इंजिनं. टेबलावर माणूस स्वतः पत्ते टाकतो त्यामुळे हा प्रश्न कधी येतच नाही. कॉम्प्युटरने परस्पर ठरवलं तर कधीतरी तुमचं जपून ठेवलेलं इंजिन खर्च होतं आणि शिव्या तुम्हाला बसतात. एकच पर्याय असेल तर विचारू नका, जास्त असतील तर विचारा.

राखाडी रूटला कुठलाही एक रंग चालतो, म्हणजे आठही रंगांसाठी पर्याय काढायचे. यात नुसत्या इंजिनांचा पर्याय आठ वेळा येतो, प्रत्येक रंगाबरोबर एकदा, तो एकदाच ठेवा. नाहीतर भिडूला तीच ओळ आठदा दिसते आणि बॉट उगाच इंजिनं उधळत सुटतो, कारण त्याच्या यादीत तीच चिठ्ठी आठ वेळा पडलेली असते.

पॉइंट: 1 डब्याला 1, दोनाला 2, तिनाला 4, चाराला 7, पाचाला 10, सहाला 15. सूत्र शोधत बसू नका, सरळ टेबल लिहा.

जिथे प्रोग्रॅम अडकतो

उघड्या पाचांत तीन इंजिनं आली की पाचही टाकायचे आणि नवे पाच लावायचे. म्हणून माणूस लिहितो, तीन इंजिनं आहेत तोवर टाक आणि लाव. बरोबर दिसतं. पण डावाच्या शेवटी सगळ्यांनी हातात पत्ते दाबून ठेवलेत, कॅट संपला, टाकलेले परत पिसून घेतले, आणि उरलेल्यात समजा 3 इंजिनं आणि 2 रंगीत. लावले, तीन इंजिनं, टाकले, पिसले, लावले, परत तीच तीन. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की समजायचं इथेच अडकलंय. टेबलावर हे झालं तर कोणीतरी म्हणतं जाऊ दे रे, राहू दे तसेच. तुम्हाला ते जाऊ दे कोडमध्ये लिहावं लागतं: हातात नसलेल्या पत्त्यांत रंगीत तीनपेक्षा कमी असतील तर बदलू नका.

याच जातीचे अजून दोन. कॅट आणि टाकलेला ढीग दोन्ही रिकामे, तर उघड्या जागा रिकाम्या राहू द्यायच्या आणि दुसरा पत्ता मिळत नसेल तर एकावरच टर्न संपवायची. आणि कधी अशी वेळ येते की पत्ता नाही, रूट परवडत नाही, तिकिटं संपली, म्हणजे खेळ्यांची यादीच रिकामी, तेव्हा पास ही खेळी लागते. आमच्या घरी माणसांच्या डावात एकदाही आली नाही, बॉट एकमेकांशी खेळायला लागले की येते.

शेवटची फेरी

एखाद्याकडे टर्नच्या शेवटी 2 किंवा कमी डबे उरले की प्रत्येकाला अजून एक टर्न, त्यालासुद्धा. यात मी दोन चुका केल्या, तुम्ही पण कराल. एक, किती टर्न उरल्या याचा काउंटर लावला आणि त्याच टर्नला तो एकाने कमी पण केला, म्हणजे ज्याने शेवट आणला त्याची स्वतःची टर्न बुडाली. दोन, शेवटच्या फेरीत दुसऱ्याचे पण डबे 2 वर आले आणि काउंटर परत नव्याने सुरू झाला. एकदा लागला की परत हात लावायचा नाही, त्यासाठी एक फ्लॅग, म्हणजे लागला की नाही याची हो-नाही खूण, ठेवा.

सगळ्यात लांब रूट

तिकीट पूर्ण झालं का हे बघणं सोपं: त्या भिडूचेच रूट घ्या, एका शहरातून निघा, दुसऱ्यापर्यंत पोचता येतं का बघा. पण सलग सगळ्यात लांब रस्त्याला 10 पॉइंट असतात (बरोबरी झाली तर बरोबरीतल्या सगळ्यांना), आणि इथे बहुतेक जण आपटतात. मी पहिल्यांदा डायक्स्ट्रालाच उलटं करून बघितलं, कमीच्या जागी जास्त. नाही चालत. पद्धत साधी आहे, प्रत्येक शहरातून सुरुवात करा, न वापरलेल्या रूटवरून पुढे जा, वाट संपली की मागे फिरा, सगळ्या शक्यता बघा आणि सगळ्यात मोठा आकडा ठेवा. सगळ्या शक्यता म्हटलं की भीती वाटते, पण एका भिडूकडे 45 डबे म्हणजे रूट किती असणार, लगेच उत्तर येतं.

महत्त्वाचं म्हणजे खूण शहरावर नाही, रूटवर करायची. एकाच शहरातून दोनदा जाता येतं, एकाच रूटवरून नाही. तपासायला माझा नकाशा घ्या: मुंबई-पुणे, पुणे-दौंड, दौंड-मनमाड, मनमाड-मुंबई आणि मनमाड-भुसावळ हे पाच रूट एकाचे. बरोबर उत्तर 11, भुसावळहून मनमाडला या, मुंबई पुणे दौंड करून परत मनमाडला. तुमचं उत्तर 8 आलं तर तुम्ही शहरांवर खुणा करताय. मनमाड जंक्शन आहे, गाडी तिथे दोनदा थांबली तर काय बिघडलं!

आधी बॉट, मग स्क्रीन

आत्तापर्यंत स्क्रीनवर काहीच नाही, फक्त काळ्या खिडकीत ओळी. तसंच राहू द्या. आता सगळ्यात ढ बॉट बनवा जो चालणाऱ्या खेळ्यांतली कुठलीही एक उचलतो, आणि असे चार बॉट एकमेकांशी दहा हजार डाव खेळायला लावून जेवायला जा. परत आल्यावर एकतर सगळे डाव संपलेले असतील, नाहीतर एखाद्या सीडवर अडकलेला असेल. तो सीड घ्या, तोच डाव चालवा, बग शोधा. माझे पहिले दोनशे डाव पण पूर्ण झाले नव्हते.

नंतर जरा शहाणा बॉट हवा असेल तर, तिकिटासाठी सगळ्यात स्वस्त रस्ता काढ, त्यातला परवडणारा रूट घे, नाहीतर लागणाऱ्या रंगाचे पत्ते उचल. डायक्स्ट्रा तुमच्याकडे आहेच, फक्त स्वतःच्या रूटची किंमत शून्य धरायची आणि दुसऱ्याने घेतलेले काढून टाकायचे. एवढ्यावर तो नवख्या माणसाला बऱ्यापैकी घाम फोडतो.

मग स्क्रीन. यावर फार लिहीत नाही, ज्याची त्याची आवड. फक्त रंगावर सगळं सोडू नका, मूळ पत्त्यांवर प्रत्येक रंगाला वेगळं चिन्ह आहे ते उगाच नाही, लाल-हिरवा न ओळखणारी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. आणि अनडू द्यायचं तर रूट घेतल्यावर द्या, पत्ता उचलल्यावर नको, एकदा बघितलेला पत्ता न बघितलेला होत नाही.

दोन लॅपटॉप

एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळणार असाल तर मध्ये एक कोरी स्क्रीन लागते, आता अमुकला द्या म्हणून, नाहीतर सगळ्यांची तिकिटं सगळ्यांना दिसतात. ऑनलाइन करायचं असेल तर खरा गेम सर्व्हरवरच ठेवा, आणि प्रत्येकाला फक्त त्याला दिसायला हवं तेवढंच पाठवा: स्वतःचे पत्ते, इतरांच्या पत्त्यांचा फक्त आकडा. मी आळशीपणा केला, सगळी स्थिती सगळ्यांना पाठवली आणि स्क्रीनवर झाकली, म्हटलं घरचेच तर आहेत. माझी भाची अकरावीत आहे, तिने दुसऱ्याच डावात ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडलं आणि मी कुठे चाललोय ते बघून बरोबर पुणे-मिरज अडवला. मला वाटलं पोरगी हुशार आहे. तीन डाव हरल्यावर तिनेच सांगितलं, मामा तुझी तिकिटं मला दिसतायत.

आता सर्व्हरवरून निघणाऱ्या प्रत्येक निरोपाला गाळणी आहे. ती नवा डाव मागतेय, आणि अजून तरी तिने काही बोलून दाखवलेलं नाही.